वाक्यावाचून काम अडलं पाहिजे

प्रश्न थोडक्यात असा: आम्ही चार घरचे पालक मिळून पाच ते सात वर्षांच्या सहा मुलांना आठवड्यातून तीन दिवस, अर्धा-अर्धा तास इंग्रजीसाठी एकत्र बसवतो. सगळ्यांच्या घरी मराठी. वर्षभरात चित्रकार्डं झाली, गाणी झाली, रंग आणि प्राणी झाले. कार्ड दाखवलं की मुलं नाव सांगतात, पण वाक्य म्हणून एकही बोलत नाहीत. खेळातून, प्रकल्पातून शिकवावं असं ऐकतो, पण म्हणजे नेमकं काय करायचं? त्या वेळात मराठी बंद ठेवायची का? चुका सुधारायच्या का? स्पेलिंग कधी सुरू करायचं? आणि एक मुलगा तीन महिन्यांत इंग्रजीचा एक शब्दही बोललेला नाही, त्याचं काय?

उत्तर:

तुमची मुलं वाक्य बोलत नाहीत, कारण वाक्यावाचून त्यांचं काहीच अडत नाही. कार्डावर हत्ती दिसला, 'एलिफंट' म्हटलं, शाबासकी मिळाली, विषय संपला. त्यापुढे बोलायचं तरी कोणाशी आणि कशासाठी? मुलांनी हुशारीनेच हिशेब केलाय की इथे एका शब्दात भागतं.

मी गेली एकवीस वर्षं याच वयाच्या मुलांना इंग्रजी शिकवते आहे. प्रकल्प करा म्हणून सांगणारे पुष्कळ भेटतात, पण प्रकल्प केल्याने इंग्रजी आपोआप येत नाही, हे कोणी सांगत नाही. माझी कसोटी एकच आहे. एखादं वाक्य बोलल्याशिवाय हातातलं काम पुढे सरकत नाही, अशी वेळ अर्ध्या तासात मुलावर निदान दहादा येते का? येत असेल तर तो इंग्रजीचा प्रकल्प. येत नसेल तर ती हस्तकला. हस्तकला चांगलीच आहे, पण तिला इंग्रजीचा तास म्हणू नये.

हे मला चुकून कळलं. शिकवायला लागल्यावर तिसऱ्या की चौथ्या वर्षी मी वर्गात जंगल उभं केलं होतं. पुठ्ठ्याची झाडं, दोऱ्यांच्या वेली, कागदाची माकडं. तीन आठवडे मुलं त्यात रंगून गेली होती, पालक बघून खूश झाले. नंतर मी एकटी बसून आठवत होते की या तीन आठवड्यांत मुलं इंग्रजीत काय काय बोलली. 'मंकी', 'ट्री', 'ग्रीन'. हे शब्द त्यांना आधीपासून येत होते. बाकी सगळं 'बाई, डिंक द्या', 'ए, माझी कात्री आण', 'हे बघा ना, फाटलं'. मुलांना गरज डिंकाच्या भाषेची होती आणि मी शिकवत होते माकडाची. तेव्हापासून कुठलाही प्रकल्प हातात घेण्याआधी मी आधी तो स्वतः करून बघते आणि करताना तोंडून आपसूक काय निघतं ते कागदावर लिहून काढते. 'दे', 'धर', 'अजून एक', 'थांब', 'माझी पाळी', 'नाही होत', 'बघ बघ'. प्रकल्पाची खरी भाषा ही. नावं त्यात नंतर येऊन बसतात.

प्रकल्पातून शिकवण्याची कल्पना नवी नाही. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूई यांनी १८९६ मध्ये शिकागो विद्यापीठात प्रयोगशाळा म्हणून शाळा काढली तेव्हा तिथली मुलं विणकाम, सुतारकाम, स्वयंपाक करत करत शिकत होती. पुढे १९१८ मध्ये दुसरे अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ विल्यम किलपॅट्रिक यांनी प्रकल्प पद्धतीवर जो निबंध लिहिला, त्यात त्यांचा भर दोन गोष्टींवर होता: काम मुलाने मनापासून केलेलं असावं आणि त्यामागचा हेतू मुलाचा स्वतःचा असावा. दुसरी गोष्ट आपण हटकून विसरतो. काय बनवायचं ते आपण ठरवतो, कसं दिसावं तेही आपण ठरवतो आणि मुलाच्या हाती उरतं फक्त रंगवणं.

आता एक प्रकल्प जवळून दाखवते. तरंगणं आणि बुडणं. माझ्या अनुभवात याच्यासारखा दुसरा नाही, कारण पाणी दिसलं की बोलावं लागत नाही, मुलं येतात. मोठा टब घ्या, त्यात वीतभर पाणी घ्या. एक मोठं माणूस सतत टबाजवळ बसलेलं हवं, मध्ये उठून फोन घ्यायचा नाही. भोवती वस्तू मांडा: दगड, किल्ली, चमचा, पेन्सिल, खोडरबर, बाटलीचं बूच, मेणबत्ती, झाडाचं पान, लाकडाचा जाड ठोकळा.

पहिल्या दिवशी मुलांनी बोलायचं नाही. हो, बोलायचं नाही. फक्त ऐकायचं आणि करायचं. 'टेक द स्टोन.' 'पुट इट इन द वॉटर.' 'टेक इट आउट.' 'गिव्ह इट टू मी.' सुरुवातीला सांगताना स्वतः करून दाखवा, मग हात मागे घ्या आणि नुसतं सांगा. अमेरिकेतले मानसशास्त्राचे प्राध्यापक जेम्स ॲशर यांनी १९६० च्या दशकात ही रीत मांडली. आईच्या भाषेतही मूल आधी 'चेंडू आण' ऐकून चेंडू आणतं, 'चेंडू' म्हणायला लागतं ते पुष्कळ नंतर, असं त्यांचं म्हणणं. मूल कामातून उत्तर देतंय, तोंडाने नाही, त्यामुळे चुकण्याची भीती नसते. आणि आपल्याला लगेच कळतं की त्याला समजलं की नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंदाज बांधायचा. वस्तू पाण्यात टाकायच्या आधी प्रत्येकाने सांगायचं: 'इट विल फ्लोट' किंवा 'इट विल सिंक'. इथे मी एकच नियम कडक पाळते. अंदाज सांगितल्याशिवाय वस्तू हातात मिळत नाही. ही सक्ती नव्हे, खेळाचा नियम आहे, पाळीसारखा. मुलं नियम फार लवकर मान्य करतात, विशेषतः इतरांनाही तो लागू असला की. सहा मुलं, नऊ वस्तू. अर्ध्या तासात ते वाक्य पन्नासेक वेळा त्या खोलीत बोललं जातं आणि कोणालाही ते घोकल्यासारखं वाटत नाही, कारण प्रत्येक वेळी पुढे काय होणार याची उत्सुकता खरी असते. लाकडाचा एवढा जड ठोकळा तरंगतो आणि एवढीशी किल्ली तळाला जाते, यावर पाच वर्षांचं मूल सहजासहजी विश्वास ठेवत नाही. ते पुन्हा टाकून बघतं. पुन्हा टाकायचं म्हणजे पुन्हा वाक्य.

मग येते क्ले. तेलकट, रंगीत, हाताला चिकटणारी खेळायची क्ले घ्या. तिचा गोळा पाण्यात टाका: बुडतो. तोच गोळा बाहेर काढा, पुसा, दाबून वाटीसारखा करा, अलगद पाण्यावर ठेवा: तरंगतो. इथे मुलं गप्प होतात. मी हे शेकडो वेळा पाहिलंय आणि दर वेळी ती शांतता मला तितकीच आवडते. त्यानंतर तोंडून जे निघतं ते मराठीत निघतं, 'अरे, पण हा तर आत्ता बुडला होता!' आणि याच क्षणी इंग्रजीचं नवं वाक्य द्यायचं असतं: 'फर्स्ट इट सँक. नाउ इट फ्लोट्स.' भूतकाळ शिकवायला याहून चांगली जागा मला सापडलेली नाही. 'सँक' म्हणजे आधीचं, जे आता नाही. व्याकरणाचा शब्दही उच्चारावा लागत नाही.

दुसऱ्या आठवड्यात प्रत्येकाने स्वतःची नाव, म्हणजे होडी, करायची. क्लेची, फॉइलची, पुठ्ठ्याची, जिची हवी तिची. पुठ्ठ्याची भिजून बसते, बसू द्या. हेतू मुलाचा हवा म्हणतात तो इथे. नाव तयार झाली की तिच्यात गोट्या भरायच्या, एकेक करून. गोट्यांची वाटी दुसऱ्या मुलाकडे असते. नाववाला म्हणतो 'वन मोअर, प्लीज', वाटीवाला देतो आणि म्हणतो 'हिअर यू आर'. पुन्हा 'वन मोअर'. नाव कलायला लागते, सगळी मुलं ओणवी होऊन बघत असतात, कोणीतरी ओरडतं 'स्टॉप!' आणि नाववाल्याला ठरवायचं असतं, अजून एक की पुरे. 'नो मोअर.' हे दोन शब्द त्या क्षणी ज्याने ठामपणे उच्चारले, त्याला ते पुन्हा शिकवावे लागत नाहीत. तीन वर्षांखालची भावंडं जवळ घुटमळत असतील तर गोट्यांऐवजी त्यांच्या तोंडात मावणार नाहीत असे मोठे ठोकळे वापरा.

शेवटच्या दिवशी पाहुणे बोलवा, म्हणजे तुम्हीच सगळे पालक. पण मुलांनी पाठ केलेलं काहीही म्हणून दाखवायचं नाही. मुलं टबाजवळ उभी राहतील, पाहुण्याच्या हातात वस्तू देतील आणि विचारतील, 'व्हॉट डू यू थिंक? विल इट फ्लोट?' पाहुण्याने अंदाज सांगायचा, मग टाकायची. मला हा दिवस सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. शिकवण्याच्या नेहमीच्या रीतीत सगळे प्रश्न मोठी माणसं विचारतात आणि मुलं उत्तरं देतात. वर्षानुवर्षं इंग्रजी शिकूनही मुलाला प्रश्न विचारता येत नाही, याचं एक कारण हेच की प्रश्न विचारायची पाळी त्याच्यावर कधी आलेलीच नसते. इथे उत्तर मुलाला माहीत आहे, मोठ्याला नाही, आणि मोठा चुकला की मुलाला होणारा आनंद काही औरच असतो. मुद्दाम चुकायची गरज नाही. मेणबत्तीबद्दल बरेच मोठे खरोखर चुकतात.

तर या सगळ्यात मराठीचं काय करायचं? बंद करू नका. क्लेचा गोळा का बुडला आणि वाटी का तरंगली, असं मूल विचारणारच. त्याचं उत्तर मराठीत द्या, सविस्तर द्या. पाणी वस्तूला खालून वर ढकलतं, वस्तू जितकं पाणी बाजूला सारते तितका तो धक्का मोठा, वाटीसारखा आकार जास्त पाणी बाजूला सारतो. पाच वर्षांच्या मुलाला हे मराठीत कळतं, तोडक्यामोडक्या इंग्रजीत कळणार नाही. इंग्रजीच्या हट्टापायी मुलाचा प्रश्न अर्धवट सोडणं मला मुळीच पटत नाही. विचार मराठीत होऊ द्या, खेळाची ठरलेली वाक्यं इंग्रजीत होऊ द्या. दोन्हींच्या मध्ये काहीतरी दिसेल अशी खूण ठेवा. माझ्याकडे हातात घालायची कापडी बाहुली आहे, तिला मराठी येत नाही. गोट्यांची वाटी तिच्याकडे असली की तिच्याशी इंग्रजीतच बोलावं लागतं. ती बाहुली म्हणजे मीच, हे मुलांना पक्कं माहीत असतं आणि तरीही ती तिच्याशी मनापासून इंग्रजी बोलतात.

मुलं मधल्या काळात सरमिसळ बोलतील. 'बोट वॉटरमध्ये सिंक झाली.' हे ऐकून कपाळाला आठ्या घालू नका. बघा तरी मुलाने काय केलंय ते. आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येतं, 'मध्ये' नामाच्या पाठीमागे चिकटतं. त्या घट्ट चौकटीत त्याने तीन इंग्रजी शब्द अगदी योग्य जागी बसवलेत. आता चौकट बदलायची आहे, आणि ती सांगून बदलत नाही, ऐकून बदलते. तुम्ही इतकंच म्हणा, आनंदाने: 'येस! द बोट सँक इन द वॉटर!' 'असं नाही, असं म्हण' हे नको, त्याच्याकडून पुन्हा वदवून घेणंही नको. त्याचंच म्हणणं नीट वाक्यात त्याला परत द्यायचं आणि खेळ पुढे न्यायचा. 'द' आणि 'अ' यांच्या वाटेला तर जाऊच नका. मराठीत तसं काही नाही, त्यामुळे मुलं ते कित्येक महिने गाळतात. तुमच्या बोलण्यात मात्र ते दर वेळी असू द्या.

काही चुका तर साजऱ्या कराव्यात अशा असतात. आमच्या होड्यांमध्ये प्लास्टिकच्या मेंढ्या प्रवासी असतात. एक मेंढी 'शीप', तर दोन मेंढ्या? एक मुलगी खणखणीत आवाजात म्हणाली, 'टू शीप्स'. ती चुकली खरी, पण हा शब्द तिने कोणाकडूनही ऐकलेला नव्हता. म्हणजे तो तिने घडवला. १९५८ मध्ये भाषेच्या अभ्यासक जीन बर्को यांनी चार ते सात वर्षांच्या इंग्रजीभाषक मुलांना एक काल्पनिक प्राणी दाखवला, त्याला नाव दिलं 'वग', मग असे दोन प्राणी दाखवले आणि विचारलं, हे दोन काय? मुलं म्हणाली, 'वग्ज'. जगात नसलेल्या शब्दाचं अनेकवचन त्यांना कोणी शिकवलेलं असणं शक्यच नव्हतं. मुलं ऐकलेल्या भाषेतून नियम उकलून काढतात, हे त्यातून दिसलं. तुमच्या मुलाने 'शीप्स' किंवा 'फूट्स' म्हटलं तर नियम त्याच्या हाती लागलाय. अपवाद पुढे येतील. तुम्ही 'येस, टू शीप!' म्हणा आणि पुढे चला.

मेंढ्या घेण्यामागे माझा दुसराही डाव असतो. 'द शीप इज इन द शिप.' मराठी बोलण्यात ऱ्हस्व-दीर्घाने शब्दाचा अर्थ फारसा बदलत नाही, लिहिताना आपण तो फरक पाळतो इतकंच. इंग्रजीत 'शिप' आणि 'शीप' हे दोन वेगळे शब्द आहेत. मुलाला लहानपणी हा फरक कानाने पकडता आला तर पुढे फार सोपं जातं. खेळ असा: मी यांपैकी एक शब्द म्हणते, मुलांनी मेंढी किंवा जहाज उचलायचं. बस. 'व'चंही तसंच. आपल्याकडे एकच व, इंग्रजीत दोन. 'वॉटर' म्हणताना ओठांचा चंबू होतो, 'व्हॅन' म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकतात. हातात आरसा द्या आणि मुलांनाच बघू द्या. आणि एक गंमत, कागदाची बारीक पट्टी ओठांसमोर धरून मराठी 'पाणी' म्हणा, पट्टी जेमतेम हलते. इंग्रज माणूस 'पेन' म्हणतो तेव्हा पट्टी फडफडते, कारण शब्दाच्या सुरुवातीच्या त्यांच्या 'प'मध्ये श्वासाचा झोत असतो. मुलं अर्धा तास पट्ट्या फडफडवत बसतात. पण उच्चार हा खेळ इतपतच ठेवा. मुलाचं बोलणं समजतंय ना, मग त्याच्या मराठी वळणाला हात लावायचं कारण नाही.

अपेक्षा किती ठेवायची, हे स्पष्ट सांगते, कारण पालक इथेच निराश होतात. आठवड्याला दीड तास, वर्षाचे चाळीस आठवडे धरले तर साठ तास झाले. घरी दिवसभर इंग्रजी ऐकणाऱ्या मुलाच्या कानावर तेवढी भाषा आठवडाभरात पडते. तुमच्या मुलांचं अख्खं वर्ष म्हणजे त्याचा एक आठवडा. तेव्हा वर्षाअखेर मूल घडाघडा बोलेल, हे डोक्यातून काढून टाका. लहान वयात सुरू केलं की भाषा भरभर येते, हाही गैरसमज आहे. कॅथरीन स्नो आणि मारियान हूफनागल-होले या संशोधकांनी नेदरलँड्समध्ये राहायला आलेल्या इंग्रजीभाषकांचा अभ्यास १९७८ मध्ये प्रसिद्ध केला. पहिल्या काही महिन्यांत डच भाषा सगळ्यात वेगाने शिकली ती बारा ते पंधरा वर्षांची मुलं. तीन ते पाच वर्षांची सगळ्यात मागे होती. मग या वयात मिळतं काय? कान तयार होतो, जीभ वळते आणि परक्या भाषेची धास्ती बसत नाही. यातलं तिसरं मला सर्वात मोलाचं वाटतं, कारण बारा-पंधराव्या वर्षी धास्ती घेऊन आलेल्या मुलांना मी शिकवलंय. त्यांना सगळं येत असतं, फक्त तोंड उघडत नाही.

साठ तास कमी पडतात म्हणून पडद्याने भर घालावी, असं मनात येईल. मी घालत नाही. २००३ मध्ये पॅट्रिशिया कुल या संशोधिकेच्या गटाने अमेरिकेतल्या नऊ महिन्यांच्या बाळांना चिनी भाषा ऐकवली, पंचवीस-पंचवीस मिनिटं, बारा वेळा. ज्यांच्याशी माणूस समोर बसून खेळला, त्या बाळांना चिनी ध्वनींमधले फरक कळू लागले. ज्यांनी तेच सगळं पडद्यावर पाहिलं, ती होती तिथेच राहिली. तुमची मुलं बाळं नाहीत, पडद्यावरून काही शब्द ती उचलतीलही. पण पडदा 'वन मोअर' म्हटल्यावर गोटी देत नाही. घरी वेळ असेल तर झोपताना रोज दहा मिनिटं तेच एक चित्रांचं पुस्तक वाचा. रोज नवं नको, तेच. चौथ्या-पाचव्या दिवशी मूल तुमच्या आधी वाक्य पुरं करायला लागतं.

स्पेलिंग: या वयात पाठ करून घेऊ नका. त्याऐवजी प्रकल्पाची एक जाड वही ठेवा. मूल चित्र काढेल, चित्राबद्दल इंग्रजीत जमेल ते सांगेल, तुम्ही त्याच्या डोळ्यांसमोर, सावकाश, शब्दावर बोट ठेवत ते लिहायचं. 'माय बोट. इट सँक.' दोन आठवड्यांनी ते पान मूल स्वतः वाचून दाखवतं, कारण वाक्य त्याचंच असतं. सहा वर्षांच्या पुढच्या मुलांना अक्षरांचे ध्वनी सांगायला हरकत नाही, पण एक घोटाळा आधीच सोडवा. देवनागरीत अक्षराचं नाव आणि उच्चार एकच, 'क' म्हणजे 'क'. इंग्रजीत नाव 'बी' आणि आवाज 'ब्'. हे न सांगितलेलं मूल 'बॅट' वाचताना 'बी-ए-टी' म्हणतं आणि शब्द काही जुळत नाही. अक्षरं २६ आणि ध्वनी सुमारे ४४, त्यामुळे एका अक्षराला एक आवाज हा आपला हिशेब तिथे चालणार नाही, हेही मुलांना सरळ सांगावं. ती चिडत नाहीत, उलट हसतात.

होड्यांनंतर काय, तर सावल्या घ्या. एकाच काठीची सावली सकाळी, दुपारी, संध्याकाळी खडूने आखा, 'लाँगर' आणि 'शॉर्टर' आपोआप येतात. किंवा बी पेरा. त्यात रोज विचारायचं 'इज इट अप?' आणि रोज उत्तर 'नॉट येट'. पाच-सहा दिवस 'नॉट येट' म्हटल्यावर एका सकाळी जो आरडाओरडा होतो, तो अनुभवण्यासारखा असतो. सूर्यमाला आणि डायनोसॉर मात्र इंग्रजीच्या प्रकल्पासाठी घेऊ नका. मुलांना ते आवडतात, मान्य, पण त्यात हात लावायला, उचलायला, मागायला काही नाही. पुन्हा नावांवरच गाडी येते, आणि नावं तुमच्या मुलांना येतातच.

प्रगती बघायची तर परीक्षा नको. आठवड्याला दोन मुलं निवडा आणि ती इंग्रजीत जे बोलली ते शब्दशः, तारखेसह टिपून ठेवा. एका मुलाची माझ्या वहीतली नोंद अशी आहे: ऑगस्टमध्ये 'स्टोन', ऑक्टोबरमध्ये 'स्टोन सिंक', डिसेंबरमध्ये 'नो, द स्टोन सिंक्स'. पाहुण्यांसमोर 'बोलून दाखव बरं' म्हणून हे वाया घालवू नका.

आता तो न बोलणारा मुलगा. आधी हे बघा की तो सांगितलेलं करतो का. 'गिव्ह द की टू बाबा' म्हटल्यावर किल्लीच उचलतो आणि बाबांनाच देतो, तर तो शिकतोय. दुसरी भाषा नव्याने कानावर पडणारी पुष्कळ मुलं काही महिने नुसती ऐकतात. माझ्याकडे एक मुलगी सात महिने गप्प होती. टबाच्या कडेला बसायची, सगळं बघायची, पाळी आली की वस्तूकडे बघून मानेनेच अंदाज सांगायची. मी मान हलवणं उत्तर म्हणून धरायचे आणि वस्तू द्यायचे. एके दिवशी दुसऱ्या मुलाने बूच हातात घेऊन 'इट विल सिंक' म्हटलं आणि ती फाडकन म्हणाली, 'नो! इट विल फ्लोट!' मी तिच्याकडे वळून पाहिलंसुद्धा नाही, बूच टाकायला सांगितलं. त्या वेळी मी टाळ्या वाजवल्या असत्या तर ती पुन्हा आत गेली असती, असं मला आजही वाटतं. तुमच्या मुलालाही बोल म्हणू नका, पाळी मात्र चुकवू नका. जोडीने करायची कामं द्या, बाहुलीच्या कानात सांगायची मुभा द्या, सगळ्यांनी एका सुरात म्हणायची वाक्यं ठेवा.

पण दोन गोष्टी घरी तपासा. तो मराठीत घरी मोकळं बोलतो का, वयाला शोभेल असं? आणि मागून, हळू आवाजात हाक मारली तर वळतो का? मराठीही कमी असेल, किंवा हाकेला वळत नसेल, तर त्याची श्रवण चाचणी करून घ्या आणि वाचा-उपचार तज्ज्ञांना दाखवा. घरी भरभरून बोलतो पण घराबाहेर कुठेच, मराठीतही, महिनोन्‌महिने तोंड उघडत नाही, असं असेल तर बालमानसतज्ज्ञांशी बोला. त्यावर मदत करता येते आणि ती लवकर मिळालेली बरी. यातलं काहीच नसेल, तर पुढच्या वेळी गोट्यांची वाटी त्याच्याकडे द्या. वाटीवाल्याला सुरुवातीला नुसतं ऐकून गोटी दिली तरी चालतं.